मागचं चाक काढताना गाडी स्टँडवरून पुढे पडते: कारणं आणि घरच्या घरी उपाय

मोटरसायकल मेन स्टँडवर उभी आहे, एक्सलचा (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा) नट हलत नाही, पान्यावर सगळा भार टाकला आणि पुढच्या क्षणी स्टँड मागे दुमडून गाडी पुढे गेली. मागचं चाक घरी काढणाऱ्यांची ही कायमची तक्रार आहे. लोक दोष स्टँडला देतात, पण दहातल्या नऊ वेळा स्टँड ठीक असतो आणि पुढचं चाक मोकळं असतं. मागचं चाक हवेत गेलं की गिअर आणि मागचा ब्रेक या दोन्हींचा उपयोग संपतो. जमिनीवर राहतं ते फक्त पुढचं चाक. ते धरून ठेवलं नसेल तर गाडी बेअरिंगवरच उभी आहे असं समजा.

मेन स्टँडची रचना अशी असते की गाडी मागे ढकलली तर काही होत नाही, स्टँड त्याच्या स्टॉपरला टेकलेला असतो. पुढे ढकलली की मात्र तो मागच्या बाजूला वळतो आणि गाडी उतरते. आता जोराचा हिशेब करा. हलक्या गाड्यांत मागच्या एक्सलचा नट साधारण ५० ते ७० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, मोठ्या गाड्यांत तो आकडा १०० च्या आसपास जातो. ६० न्यूटन-मीटरचा नट २८ सेंटीमीटर लांबीच्या पान्याने सोडवायला सुमारे २२ किलोचा जोर लागतो. गंज धरला असेल तर दुप्पटही. एवढा जोर आडवा, पुढच्या दिशेने लागला तर कुठलाही मेन स्टँड तो सहन करणार नाही.

म्हणून पहिला नियम: नट गाडी उचलण्याआधी सैल करा. दोन्ही चाकं जमिनीवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, एक जण सीटवर बसून दोन्ही पाय टेकवलेले आणि पुढचा ब्रेक दाबलेला. स्प्लिट पिन असेल तर ती आधी काढायची. नट फक्त पाव आटा फिरला की पुरे, त्याहून जास्त सैल करू नका.

पाना कोणत्या दिशेला धरायचा हे कुणी सांगत नाही, आणि गाडी पडते ती इथेच. नट उजव्या बाजूला असेल तर पान्याची मूठ मागच्या दिशेला ठेवा आणि खाली दाबा. नट सुटतो आणि जोर जमिनीत जातो. नट डाव्या बाजूला असेल तर मूठ पुढच्या दिशेला ठेवून खाली दाबा. मूठ खाली लोंबती ठेवून उजव्या बाजूचा नट सोडवायला गेलात तर तुम्ही प्रत्यक्षात गाडी पुढे ढकलत असता. सायलेन्सर आडवा येत असेल तर ऑफसेट रिंग पाना किंवा सॉकेटला एक्स्टेन्शन लावा. मूठ चुकीच्या कोनात फिरवून काम भागवू नका. दुसऱ्या टोकाला एक्सलचं डोकं फिरत असेल तर तिथे दुसरा पाना लावून तो स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या हाताला) टेकवा, म्हणजे तो धरायला माणूस लागत नाही. उघड्या तोंडाचा पाना या नटवर वापरायचाच नाही. नटचे कोपरे गोल झाले की पुढचं सगळं काम दुप्पट होतं.

जागा

बडोद्यात जुन्या पोळींतल्या (जुन्या शहरातल्या गल्ल्यांतल्या) घरांत पुढच्या ओसरीला कोटा फरशी असते आणि नव्या सोसायट्यांच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक. दोन्हींचे प्रश्न वेगळे. घासून गुळगुळीत झालेल्या कोट्यावर स्टँडचे लोखंडी पाय सरकतात, ओल्या कोट्यावर तर हमखास. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा रबरी पायपुसणं उलटं घाला. पेव्हरचे ठोकळे एका पायाखाली खचू शकतात, आणि पॅडॉक स्टँडची (स्विंगआर्मला लावून, दांडा दाबून मागचं चाक उचलणाऱ्या वेगळ्या स्टँडची) छोटी चाकं त्यांच्या फटीत अडकतात. तिथे १८ मिलिमीटर प्लायवुडचा तीन फूट बाय दोन फुटांचा तुकडा टाकणं हाच उपाय.

उतार डोळ्यांनी कळत नाही. पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून गटाराकडे उतरती केलेलीच असते. एक गोटी ठेवून बघा. उतार टाळता येत नसेल तर गाडीचं तोंड चढाच्या बाजूला ठेवा. म्हणजे गाडीचा कल मागे, स्टॉपरवर राहतो. आडव्या उतारावर हे काम करूच नका.

गाडी बांधणं

पुढचं चाक भिंतीकडे करा. मेन स्टँडवर घेताना गाडी वितभर मागे येते, त्यामुळे भिंत आणि टायर यांच्यात फट राहते. ती लाकडाच्या ठोकळ्याने भरा. टायरच्या मागच्या बाजूलाही एक पाचर हवी. मग पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला आवळून बांधा. सुतळी ताणली जाते आणि सैल पडते, रबर ताण धरून ठेवतं.

तिसरी बांधणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लोक करतात. मेन स्टँडच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी असते, तिथून एक रॅचेट बेल्ट किंवा जाड नायलॉनची दोरी पुढे नेऊन फ्रेमच्या पुढच्या पाइपला किंवा लेगगार्डच्या खालच्या क्लॅम्पला बांधा. आता गाडी पुढे गेली तरी स्टँड मागे वळू शकत नाही. ही दोरी पुढच्या चाकाच्या खालच्या भागाला बांधून उपयोग नाही. चाक फिरू लागलं की तो भाग गाडीच्या हिशेबाने मागेच येतो आणि दोरी ताणलीच जात नाही. बेल्ट सायलेन्सरच्या पाइपला लागू देऊ नका. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर अर्धा तास थांबा.

मागे टॉप बॉक्स असेल तर तो काढा. साइड बॅगाही.

चाक सुटलं पण बाहेर येत नाही

एक्सल निघाला, चाक खाली आलं, आणि मागे ओढताना टायर मडगार्डला अडकतो. मग एक जण गाडी डावीकडे कलवतो आणि दुसरा चाक खेचतो. त्या वेळी गाडी स्टँडच्या एकाच पायावर असते. वर्कशॉपमध्ये हे सर्रास चालतं, कारण तिथे दोन सरावलेली माणसं असतात. घरी करू नका. गाडी थोडी आणखी उंच हवी, एवढंच.

उंची वाढवायची सोपी रीत अशी. १८ किंवा २५ मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या घ्या, दोन्ही सारख्याच जाडीच्या. एकीवर मागचं चाक चढवा. ही फळी चाकाच्या मागे फूटभर लांब असावी, कारण स्टँडवर घेताना चाक मागे सरकतं. दुसरी फळी स्टँडच्या पायांखाली, दोन्ही पाय एकाच फळीवर येतील अशी रुंद. आता गाडी नेहमीसारखी मेन स्टँडवर घ्या. दोन्ही फळ्या सारख्या असल्यामुळे जोर नेहमीइतकाच लागतो. गाडी चढली की चाकाखालची फळी ओढून काढा. जेवढी फळीची जाडी तेवढी जागा वाढली. फक्त स्टँडखाली फळी ठेवून गाडी चढवायला गेलात तर कंबर धरेल आणि फळी घसरेल. दोन पायांखाली दोन वेगळे तुकडे कधीही ठेवू नका.

एवढ्याने भागलं नाही तर मडगार्डचा मागचा भाग किंवा नंबर प्लेटचा ब्रॅकेट सोडवा. बहुतेक गाड्यांत ते दोन ते चार बोल्टचं काम आहे. टायरची हवा काढल्याने थोडी रुंदी कमी होते, उंचीत विशेष फरक पडत नाही.

स्टँडवर घेऊनही मागचं चाक जमिनीला टेकतं

ही वेगळी तक्रार, आणि इथे मात्र स्टँडच दोषी. सपाट जागी मेन स्टँडवर गाडी उभी केल्यावर मागच्या टायरखालून दोन बोटं सहज जायला हवीत. जात नसतील तर कारणं चार. पायांचे तळ झिजलेत. स्टँड जिथे टेकतो तो स्टॉपर किंवा रबर झिजल्यामुळे स्टँड जास्त पुढे जातो आणि उंची घटते. पिव्हटचा (स्टँड ज्यावर वळतो त्या सांध्याचा) बोल्ट आणि बुश झिजून भोक लंबगोल झालंय. किंवा कुणीतरी मोठा टायर किंवा लांब शॉकअप बसवलेत. शॉकअप लांब असले की चाक खाली लोंबतं, त्यामुळे स्टँड नवा असूनही चाक टेकतं, आणि लोक बिचाऱ्या स्टँडला वेल्डिंग करून आणतात.

तपासायला सीटमागची कडी धरून गाडी आडवी हलवा. स्टँडचे पाय जागेवर राहून गाडी खडखडत असेल तर पिव्हट गेला. स्टँड काढून नवा बुश आणि बोल्ट टाका. ग्रीस लावायला विसरू नका, कोरडा पिव्हट पुन्हा लवकर झिजतो. पाय झिजले असतील तर तळाला ६ मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून मिळते. दोन्ही पायांना सारखीच, एकालाच नाही. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर सोडून ठेवायला सांगा, किंवा स्टँड गाडीपासून वेगळा करूनच घेऊन जा. स्टँडची स्प्रिंग सैल झाली असेल तर तीही याच वेळी बदला.

मेन स्टँड नसलेल्या गाड्या

ड्यूक, आर१५ अशा गाड्यांना मेन स्टँड येतच नाही. यांच्यासाठी पॅडॉक स्टँड हाच खरा मार्ग. तो दोन प्रकारचा असतो. स्विंगआर्मला स्पूल (स्टँड अडकवायच्या छोट्या चकऱ्या) बसवायची भोकं असतील तर स्पूलवाला घ्या. भोकाचा आटा ६, ८ किंवा १० मिलिमीटरचा असतो. आपल्या गाडीचा तपासल्याशिवाय स्पूल विकत घेऊ नका, आणि तो चुकीच्या आट्यात रेटू नका, स्विंगआर्म ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात. दुसरा प्रकार रबरी पॅडवाला, जो स्विंगआर्मच्या खाली बसतो. तो स्वस्त आणि सगळ्यांना चालणारा, पण दोन अडचणी: चेनचं तेल उडून स्विंगआर्मचा तळ तेलकट झालेला असतो आणि पॅड घसरतो, आणि काही गाड्यांत पॅड नेमका चेन ॲडजस्टरच्या खाली येतो. उचलण्याआधी तळ कोरड्या कापडाने पुसून काढा. पॅड एक्सलच्या थोडे पुढे बसवा.

पॅडॉकवर घेताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि पुढचा ब्रेक अजून बांधू नका. दांडा खाली दाबताना गाडी किंवा स्टँड थोडा सरकतोच. दोन्ही अडवले तर पॅड निसटतो. एकाने डाव्या बाजूने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने दोन्ही बाजू नीट बसल्यात हे पाहून दांडा एका दमात खाली दाबायचा. अर्ध्यात थांबायचं नाही. गाडी वर गेली की मग ब्रेक बांधा, पुढच्या चाकाला पाचर लावा, आणि साइड स्टँड खाली करून ठेवा. तो जमिनीला लागणार नाही, पण गाडी डावीकडे कलंडली तर काही अंशी आधार मिळतो.

कारच्या जॅकबद्दल विचारणारे पुष्कळ. साइड स्टँडवर गाडी कलवून उजवीकडून जॅक लावायचा, म्हणजे पुढचं चाक, साइड स्टँड आणि जॅक अशा तीन बिंदूंवर गाडी राहते. चेनला तेल घालायला हे चालतं. चाक काढून पंक्चरवाल्याकडे जायला नाही. साइड स्टँडही गाडी पुढे सरकली की मागे दुमडतो, आणि इथे त्याला बांधायला धड जागा नसते. जॅक लावायचाच तर इंजिनाखालून जाणाऱ्या फ्रेमच्या पाइपला, मध्ये लाकूड ठेवून. अनेक हलक्या गाड्यांत असा पाइपच नसतो, इंजिन खाली उघडं असतं. तिथे जॅक थेट क्रँककेसवर किंवा ऑइलच्या बोल्टवर येतो, आणि ॲल्युमिनियमला तडा गेला की चाकाच्या कामाचं इंजिनचं काम होतं. सायलेन्सरखाली तर नकोच.

बडोद्यातल्या बऱ्याच घरांत एक सोय आयती असते: झोपाळ्याच्या कड्या. त्या स्लॅबच्या सळ्यांना गुंतवलेल्या असतील तर दोन-तीन माणसांचा झुलता भार रोज घेतात, त्यामुळे गाडीचा मागचा भाग त्यांना जड नाही. १७० किलोच्या गाडीतही मागे येणारा भार निम्म्याच्या आसपासच असतो. तरीही त्यांचा वापर उचलण्यासाठी न करता सांभाळण्यासाठी करा. टांगलेली गाडी झुलते, आणि झुलत्या गाडीच्या एक्सलवर हातोडी मारता येत नाही. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉकवर घ्या आणि सीटखालच्या फ्रेमच्या पाइपांना दोन बाजूंनी दोन रॅचेट बेल्ट घालून दोन कड्यांना किंचित ताणून बांधा. बेल्टवर छापलेला भार किमान २५० किलो असावा. प्लास्टिकच्या किंवा बोल्टने जोडलेल्या ग्रॅबरेलला बांधू नका. कडी ड्रिल मारून अँकर बोल्टने बसवलेली असेल तर हा विचार सोडून द्या, पंख्याच्या हुकाचाही. आणि हो, झोपाळा काढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. दुपारी त्यांना तो लागतोच.

एक्सल अडकलाय

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं त्या भागांत, समा, कारेलीबाग, अकोटा इकडच्या गाड्यांत, ही तक्रार जास्त. हबमध्ये गढूळ पाणी गेलं की एक्सल आणि बेअरिंगची आतली रिंग यांच्यात गंज धरतो. वरून काही दिसत नाही, गाडी चालते, आणि पुढे पंक्चरच्या निमित्ताने एक्सल काढायला गेलं की तो हलत नाही. मग हातोडी येते, आणि हातोडीच्या प्रत्येक घावाबरोबर गाडी स्टँडवर आडवी डुलते.

आधी गंज सोडवणारा स्प्रे दोन्ही टोकांना मारून रात्रभर ठेवा. ब्रेक ड्रमच्या बाजूला कापड धरा, लायनरवर तेल गेलं की ते बदलावेच लागतील. दुसऱ्या दिवशी एक्सलचं डोकं पान्याने आधी फिरवून बघा, मागे-पुढे, थोडं थोडं. फिरला की निम्मं काम झालं. मग टायरखाली लाकडी पाचर सरकवून चाक किंचित उचला. चाकाचं वजन एक्सलवर लटकत असेल तर गंज नसतानाही तो अडकतो. पाचर बरोबर बसली की कित्येक एक्सल हाताने बाहेर येतात. पाचर मागेपुढे करून योग्य उंची शोधावी लागते, थोडा धीर धरा.

तरी ठोकायचं असेल तर नट टोकाशी सपाट येईल इतका आट्यांवर ठेवून त्यावर पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा दांडा धरून ठोका. आट्यांवर थेट हातोडी मारली तर टोक फुलतं आणि एक्सल स्विंगआर्मच्या भोकातून जातच नाही. समोरच्या बाजूने मदतनीस स्विंगआर्मला हात देऊन उभा राहील, त्याचं तोंड एक्सलच्या रेषेत नको. जोरात एक घाव मारण्यापेक्षा हलके आठ-दहा घाव बरे. एक्सल बाहेर आला की त्याला सरळ काचेवर फिरवून बघा. वाकडा असेल तर बदला, सरळ करून वापरू नका.

चाक बाहेर असताना

स्विंगआर्मच्या खाली लाकडी ठोकळ्यांची रास ठेवा, बोटभर फट सोडून. स्टँड गेलाच तर गाडी तेवढीच खाली येईल. सागाचे किंवा बाभळीचे तुकडे चालतात. भाजकी वीट टोकाच्या भाराने फुटते आणि बांधकामाचे हलके एएसी ब्लॉक तर चुरा होतात. डिस्क ब्रेक असेल तर चाक नसताना मागचा पेडल दाबू नका, पिस्टन बाहेर येतो आणि पॅड परत बसवताना डिस्क आत जात नाही. दोन पॅडच्या मध्ये पातळ लाकडी चकती घालून ठेवली की झालं. कॉलर आणि स्पेसर कोणत्या बाजूचा कोणता, त्याचा फोटो काढून ठेवा. ते दोन वेगळ्या लांबीचे असतात आणि उलटे बसले की चाक एका बाजूला जातं.

परत बसवताना एक्सल पुसून ग्रीसचा पातळ थर द्या. ब्रेक प्लेटची खाच किंवा टॉर्क आर्मचा (ती प्लेट फिरू न देणाऱ्या पट्टीचा) बोल्ट जागेवर बसलाय हे बघितल्याशिवाय नट आवळू नका. तो राहिला तर पहिल्याच ब्रेकला प्लेट फिरते आणि चाक जाम होतं. चेनची ढील पुस्तिकेत दिलेली ठेवा, हलक्या गाड्यांत ती बहुधा २० ते ३० मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या करा. नट स्टँडवर असताना फक्त बेताचा आवळा. मग बांधलेल्या दोऱ्या, पाचरी, ठोकळे काढा, गाडी खाली घ्या, सीटवर माणूस बसवा आणि शेवटचं आवळणं जमिनीवर करा. उजव्या बाजूचा नट असेल तर आता मूठ पुढच्या दिशेला ठेवून खाली दाबायची. स्प्लिट पिन नवी टाका. डिस्क असेल तर पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. ड्रम असेल तर रॉडचा नट फिरवून पेडलची मोकळी चाल जमवा. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवरची ट्यूबची पट्टी सोडल्याची खात्री करूनच इंजिन सुरू करा, आणि पहिली फेरी सोसायटीच्या आवारातच मारून ब्रेक दोन-चारदा दाबून बघा.